बाटली घरचीच होती

माझं लग्न एका बाटलीमुळे मोडलं आणि त्याच बाटलीमुळे जुळलं. बाटली आमच्या घरची होती आणि आतला माल सासरचा. तो माल काय होता हे मी सांगायला लागले की माझ्या सुना उठून आत जातात. जाऊ देत, मी सांगणारच.

आम्ही तेव्हा सुप्यात राहत होतो. तालुक्याची कचेरी त्या काळी सुप्यातच होती, जोयड्याला गेली ती पुढे. आता ते सुपे धरणाच्या पाण्याखाली आहे, त्यामुळे माझ्या बोलण्याचा पडताळा घ्यायला कुणी जाऊ शकत नाही, हा मला मोठाच फायदा आहे. बाजारात माझ्या वडिलांचं, आप्पांचं, दुकान होतं. मीठ, रॉकेल, गूळ, दोरखंड, कंदिलाच्या काचा असा सगळा जंगलवस्तीला लागणारा माल. आमचं मूळ खानापूरकडचं. आप्पा गावच्या दारूबंदी कमिटीत होते आणि व्यसन या गोष्टीचा त्यांना भयंकर राग होता. आमचा मुलूख मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला तेव्हा लोकांना भाषेची काळजी पडली होती, आप्पांना पडली होती ती दारूबंदीची. विडी ओढणाऱ्या गिऱ्हाइकाला ते दुकानाच्या पायरीखाली उभं करून माल देत. चहासुद्धा दुसऱ्यांदा मागितला तर आईला म्हणायचे, "सवय लागंल गे, नको."

अशा माणसाचे गुडघे मात्र कायम दुखत. खानापूरच्या आठवडी बाजारात एक वैदू बसायचा, त्याच्याकडून ते गुडघ्यांवरचा पाक आणत. तूप-गुळात शिजवलेला काळपट हिरवा, चिकट पाक. रुंद तोंडाच्या बाटलीत भरून मिळायचा. रोज सकाळी एक चमचा, आणि घरात काही महत्त्वाचं काम असलं, फार उठबस करायची असली, तर दोन. गुडघे बरे झाले की नाही देव जाणे, पण आप्पांना गुडघ्यांची फिकीर उरली नाही हे नक्की. सकाळच्या वेळी ते फार गोड बोलायचे. गिऱ्हाइकाला एकच गोष्ट दोनदा सांगायचे. जेवणही वाढलं होतं. आई म्हणायची, "पाक मानवला त्यांना. अंगाला लागाय लागलाय."

मला अणशीच्या बाजूचं स्थळ आलं. घरची भातशेती, थोडी सुपारी, घरात मुलगा आणि त्याची आई. वडील नव्हते, म्हणून मुलाचे मामा सगळं बघत. साखरपुडा ठरला तो भात कापणीला आलेलं असताना. त्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक शेतात माळा बांधून माणूस बसतो आणि रानडुकरं येऊ नयेत म्हणून रात्रभर पत्र्याचा डबा बडवतो. मुलगा माळ्यावरून उतरला, अंघोळ केली आणि तसाच आमच्याकडे आला. डोळे लाल, बोलणं संथ, आणि पुढ्यात ठेवलेले पोहे क्षणात नाहीसे.

मी आतल्या दाराआड उभी होते. आप्पांची माझ्याकडे पाठ होती आणि मुलगा समोर बसला होता, म्हणजे मला फक्त त्याचं तोंड दिसत होतं. आप्पांच्या पुढ्यात साखरेचं ताट होतं. मोठा दिवस म्हणून सकाळी त्यांनी दोन चमचे घेतले होते.

"शेती किती?" आप्पांनी विचारलं. मुलाने सांगितलं. "बरं. आणि शेती किती?" मुलाने पुन्हा सांगितलं.

मग आप्पा ताठ बसून म्हणाले, "आमच्या घरात सुपारीचंबी व्यसन चालत न्हाई. तुला काय व्यसन हाय काय, ते आधी सांग."

आणि मुलगा हसला. आधी ओठ दाबून, मग तोंडावर हात ठेवून, मग हात काढून. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मामांनी त्याला कोपराने ढोसलं तर जास्तच हसला. मग हसता हसता खांबाला टेकला आणि सगळ्यांच्या देखत झोपून गेला.

मला तो आवडला. इतकं मनापासून हसणारं माणूस आमच्या घरात कुणी नव्हतं. पण विचारणार कोण मला?

आप्पा उठले. "कारण नसताना हसला," एवढंच म्हणाले. मामा परोपरीने सांगत होते, "पोरगं चार-पाच रात्री झोपल्यालं न्हाई ओ. डुकरं लई हायत." आप्पा म्हणाले, "झोप न्हाई झाली तर माणूस रडतंय, हसत न्हाई." नारळ आणि खण त्यांच्याकडे गेले होते, साखर तेवढी वाटायची राहिली. पाहुणे गेल्यावर आईने ताट उचललं तर साखरेत हा एवढा खड्डा. आई मला हळूच म्हणाली, "त्येंचा मामा लई हावरा दिसतंय गे. देवापुढं ठेवायच्या आधीच खाल्ली की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा सरकारी दवाखान्यात गेले. डॉक्टर धारवाडकडचे, मराठी बोलायचे पण कन्नडच्या चालीवर. आप्पांनी हकिकत सांगितल्यावर ते बोटांवर मोजत म्हणाले, "डोळं लाल. तोंड कोरडं, पाणी लई पितंय. भूक लई. एकच बोलणं परत परत. कारणाबिगर हसणं. भांग-गांजाची लक्षणं हेच री, सावकार." मग सांगितलं, बेळगावात एक जण मुंबईहून शिकून आलाय, त्याने प्रयोगशाळा काढलीय, लघवी तपासतो. "पण लघवीत भांग धरणं अवघड काम री," असंही डॉक्टर म्हणाले. आप्पांनी पुढचं ऐकलं नाही. ते बाटली शोधायला घरी आले होते.

आमच्या भागात दवाखान्यात जायचं तर बाटली घरून न्यायची असा रिवाज होता. औषध सरकारी, बाटली आपली. त्यामुळे घरातली कुठलीच बाटली कुणी टाकत नसे. आईने कोनाड्यातली एक रिकामी बाटली काढली, राख लावून घासली, चिंचेने घासली, पुन्हा राखेने घासली, उन्हात पालथी घातली. आप्पांनी ती डोळ्यासमोर धरून बघितली आणि अणशीची वाट धरली.

तिथे काय झालं ते मला सासूबाईंनी नंतर सांगितलं. आप्पा ओसरीवर बसले आणि पावसाबद्दल बोलले. मग डुकरांबद्दल. मग सुपारीच्या भावाबद्दल. दुपार झाली तरी मुद्द्यावर येईनात. शेवटी त्यांनी पिशवीतून बाटली काढून पुढे ठेवली. आमच्याकडे रिकामी बाटली घेऊन कुणी आलं की तो मध मागायला आला असंच समजतात. सासूबाई लगेच आत जाऊन मधाचं भांडं घेऊन आल्या.

"मध नको," आप्पा म्हणाले. मग काय हवं ते त्यांनी जमिनीकडे बघत सांगितलं.

मामा उठून उभे राहिले. "आमचं पोरगं काय बाजारातलं बैल हाय, तपासून घ्यायला?" सासूबाईंना रडू आलं. तरी त्यातल्या त्यात त्या म्हणाल्या, द्यायचंच तर आमची उकळलेली बाटली देते. आप्पा म्हणाले, "तुमची नको. बाटली घरचीच बरी." तेवढ्यात मुलगाच उठला. "मामा, ऱ्हाऊ द्या. द्या हिकडं," म्हणाला आणि बाटली घेऊन घरामागे गेला.

आप्पा निघाले तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या पिशवीत मळ्यातली मोठी काकडी, तवसं, घातलं. अपमान झाला तरी पाहुणा त्या घरातून रिकाम्या हाताने गेला नाही.

बेळगावला मावशीकडे माझ्या साड्या बघायला जायचं आधीपासून ठरलं होतं. एका खेपेत दोन कामं म्हणून आप्पांनी मला बरोबर घेतलं. लोंढ्याच्या बसमध्ये ते बाटली पंचात गुंडाळून मांडीवर धरून बसले. शेजारच्या म्हाताऱ्याचं सगळं लक्ष पंचाकडे.

"मध हाय काय, सावकार?"

"न्हाई."

"मग काकवी असंल."

"न्हाई ओ. औषध हाय."

"कशावरचं?"

आप्पा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "लग्नावरचं." लोंढ्याला उतरताना म्हाताऱ्याने पंचाकडे फार आदराने बघितलं.

प्रयोगशाळा म्हणजे एका गल्लीत माडीवरची खोली. स्पिरिटचा वास, काचेच्या नळ्या आणि एक लुकडा, चष्मेवाला तरुण. त्यानेही डॉक्टरांचंच सांगितलं. भांग असली तर अर्कावर अमुक औषध टाकल्यावर जांभळट रंग येतो, पण लघवीत तो सापडणं कठीण, सापडला तरी पुसट. "तरी बघतो. संध्याकाळी या," म्हणाला.

संध्याकाळी आप्पा एकटेच गेले आणि विजयी मुद्रेने परतले. "जांभळा," ते मावशीला म्हणाले, "वांग्यागत जांभळा. त्यो पोरगा स्वतःच चक्रावला. म्हणाला, एवढा रंग मी कधी बघितला न्हाई." चक्रावलेल्या माणसाला पुढे काही बोलायचं होतं का, हे विचारायला आप्पा थांबलेच नव्हते. वाटेत बाजारात त्यांना सुप्याची लाकडाची लॉरी दिसली. त्यांनी ड्रायव्हरकडून घरी आणि अणशीला निरोपही धाडला होता की लग्न मोडलं, मुलगा भांग खातो. ड्रायव्हर बोलका होता. सुप्यापर्यंत रस्त्यावरच्या प्रत्येक चहावाल्याला ही बातमी मिळाली.

मी रडले. साड्या बघितल्याच नाहीत. मला तोच मुलगा हवा होता, आणि तो भांग खाणारा असेल हे मला पटत नव्हतं. पण नळीतला रंग माझ्यासारखीला विचारून थोडाच येतो.

सकाळी आप्पा पिशवीतून पाकाची बाटली काढून बसले. मन खट्टू झालंय म्हणून त्यांनी दोन चमचे घेतले. थोड्या वेळाने मावशीने पोहे दिले. ते संपले, आणखी दिले, तेही संपले, मग त्यांनी तवसं कापायला सांगितलं. "तुझ्या नवऱ्याची बदली कुठं झाली गे?" त्यांनी मावशीला विचारलं. तिने सांगितलं. पाणी मागितलं, प्याले, पुन्हा मागितलं. "आणि बदली कुठं झाली म्हणालीस?"

समोरच्या माडीवर कुणाची तरी विजार वाळत होती. वारा आला आणि ती फुगली. आप्पा तिच्याकडे बघत राहिले आणि हसायला लागले. "बघ गे, बघ. चालाय लागली ती," म्हणाले आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मुलगी दाराशी रडून बसलेली, आणि बाप विजारीला हसतोय. मला असा संताप आला की मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले. तेव्हा त्यांचे डोळे दिसले. लालभडक.

डॉक्टरांची लक्षणं आप्पांनीच मला दहा वेळा ऐकवली होती. मी मनातल्या मनात एकेक जुळवत गेले, आणि एकही शिल्लक राहिलं नाही.

"आप्पा," मी विचारलं, "ती बाटली कुठली होती?"

"कुठली म्हंजे? घरची."

"तीत आधी काय होतं?"

"पाक. संपला म्हणून तर रिकामी. तुझ्या आईनं घासली की चांगली."

मी त्यांच्या पुढ्यातली बाटली पदराखाली घेतली आणि त्यांना हात धरून बाहेर काढलं. साड्या घ्यायला चाललोय अशी त्यांची समजूत झाली. ते वाटभर मला कुठला रंग शोभेल ते सांगत होते.

प्रयोगशाळेतला तरुण आम्हाला बघून उभाच राहिला. "मी तुम्हालाच शोधणार होतो," म्हणाला. "बाटली कुठली ते विचारायचं राहिलं." मी पाक पुढे ठेवला. त्याने काडीभर घेतला, खलला, गाळला, नळीत औषध टाकलं. नळी जांभळी झाली, मग इतकी गडद झाली की पलीकडचं दिसेना.

त्याने समजावून सांगितलं. भांगेची राळ पाण्याने जात नाही, राखेनेही नाही. काचेला धरून बसते. लघवीतला कण वाया जाऊ नये म्हणून त्याने बाटली आतून स्पिरिटने खळखळून घेतली होती, आणि स्पिरिटाने ती राळ सोडवली. "मुलाबद्दल मला काहीच सांगता येणार नाही," तो म्हणाला. "मी तपासली ती तुमची बाटली." मग आप्पांकडे वळून त्याने हळूच विचारलं, "हे तुम्ही रोज घेता?"

"गुडघ्यासाठी," आप्पा म्हणाले.

"आणि गुडघे कसे आहेत?"

आप्पांनी विचार केला. "दुखतात. पण त्येचं काय वाटत न्हाई."

त्याच दिवशी आम्ही परतीची आगगाडी धरली. पाक त्यांनी त्या तरुणाकडेच ठेवून दिला होता. खानापूर स्टेशन आलं, त्या वैदूचं खानापूर, तेव्हा मान फिरवून बसले. मग एकदम म्हणाले, "कमिटीत काय सांगू गे मी?" थोड्या वेळाने म्हणाले, "त्या बेळगाववाल्याची चूक झाली म्हणून सांगूया. त्येला इथं कोण ओळखतंय?"

मी म्हटलं, "आप्पा, मला त्या घरात जायचंय. तुमी तिथं जाऊन तपासणीची चूक म्हणालात तरी लोक म्हणणार, सावकारानं झाकलं. मला जन्मभर भांगेवाल्याची बायको म्हणतील." मला त्यांची दया आली आणि रागही तसाच राहिला.

सुप्यात घरी पोचलो तर ओसरीवर अणशीची मंडळी बसलेली. मामा, सासूबाई आणि तो. पुढ्यात नारळ आणि खण, परत करायला आणलेले. बाजारातले निम्मे लोक काहीतरी घ्यायला आल्यासारखे दुकानापुढे उभे होते आणि कुणी काही घेत नव्हतं. मी आत जाऊन माझ्या नेहमीच्या दाराआड उभी राहिले.

आप्पा बसले नाहीत. "बेळगावचा तो तपासणारा," त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. मला वाटलं, आता सगळं त्या बिचाऱ्याच्या माथी जाणार. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली.

"तपासणारा बरोबर हाय," ते म्हणाले. "भांग हुती. पण ती तुमच्या पोराची न्हवं. माझी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाक, वैदू, राख, स्पिरिट, सगळं, भर बाजाराला ऐकू जाईल असं. कमिटीत भाषण करायचे त्याच आवाजात. शेवटी म्हणाले, "मला ठाऊक न्हवतं. पण बाटली घरचीच पायजे म्हणून हट्ट माझा हुता. पोरानं काय केल्यालं न्हाई."

मामा बराच वेळ जमिनीकडे बघत होते. मग घसा खाकरून म्हणाले, "त्यो पाक... थोडा शिल्लक हाय काय? माझंबी गुडघं दुखतात."

आणि मुलगा हसायला लागला. परत तसाच, तोंडावर हात घेऊन. या वेळी त्याच्या आईने त्याला दटावलं, "आता का हसतंस रे?"

"आता सांगतो की," तो म्हणाला. "मामा, रागवू नका," हे आप्पांना, कारण सासऱ्याला आमच्यात मामाच म्हणतात. "त्या दिशी तुमी मला व्यसन काय, व्यसन काय म्हणून इचारत हुता, आनि तिकडं हात ताटात. मूठ मूठ साखर तोंडात. माझ्याकडं बघत खात हुता."

माझी आई दारातच होती. तिने आप्पांकडे बघितलं, मग मामांकडे. इतके दिवस ज्याला ती मनात हावरा म्हणत होती त्याला तिने त्या संध्याकाळी सगळ्यांच्या आधी चहा दिला, आणि मागून दुसरा कपही दिला.

लग्नानंतर मी ह्यांना एकदा विचारलं, की हे तेव्हाच का नाही सांगितलं? नुसतं साखर म्हटलं असतं तरी सुटला असतात. ते म्हणाले, "व्हणाऱ्या सासऱ्याला चार माणसांत साखरचोर म्हणू? त्यापरीस बाटली भरून देणं बरं." माझ्या आप्पांची लाज राखायला या माणसाने स्वतःची लाज बाटलीत भरून बेळगावला पाठवली होती.

त्या संध्याकाळी आईने पुन्हा साखरेचं ताट मांडलं. आप्पा ताटापासून लांब, भिंतीला टेकून, दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. देवापुढे साखर ठेवून झाली. ती आता मुलाकडच्यांनी वाटायची होती. मामा ताटाकडे हात नेणार तोच ह्यांनी ताट उचललं, उठून भिंतीशी गेले आणि सगळ्यात पहिली मूठ आप्पांपुढे धरली. "घ्या मामा," म्हणाले.

आप्पांनी मांडीखालून हात काढला आणि पुढे केला. साखर खाल्ली नाही. मूठ मिटून तसेच बसून राहिले. त्यांचे डोळे पुन्हा लाल झाले होते, आणि तो सकाळच्या पाकाचाच परिणाम, असं मी म्हणणार होते. पण बेळगावच्या दोन चमच्यांचा अंमल केव्हाच उतरला होता, हे मला चांगलं ठाऊक आहे.